न झालेल्या गोलांचा हिशेब

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये गोलकीपर नसतो. लंबगोल मैदानाच्या टोकाला चार उंच खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू लाथाडला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. या खांबांपुढे उभा राहतो तो फुलबॅक, आणि प्रतिस्पर्ध्यांचा सगळ्यात धोकादायक आघाडीवीर त्याच्याच वाट्याला येतो. मेलबर्नच्या एसेंडन क्लबसाठी डस्टिन फ्लेचरने बचावफळीत 23 हंगाम काढले.

1993 मध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा बारावीत होता. त्याच वर्षी पोरसवदा एसेंडनने विजेतेपद पटकावलं. वडील केन याच क्लबचे माजी कर्णधार, 264 सामने खेळलेले. आपल्याकडे घराणेशाही म्हणून नाकं मुरडली असती. तिथे माजी खेळाडूच्या मुलाला घेण्यासाठी चक्क नियम आहे.

उंची 198 सेंटिमीटर आणि हात इतके लांब की कार्टूनवरून नाव पडलं ‘इन्स्पेक्टर गॅजेट’. आघाडीवीर झेलासाठी उडी घेतो, झेल जवळजवळ हातात आलेला असतो, तेवढ्यात मागून खांद्यावरून एक मूठ येते आणि चेंडू भलतीकडेच जातो. पाठीत धक्का द्यायचा नाही, हात धरायचा नाही, फक्त चेंडूवर ठोसा. गुणफलकावर याची नोंद शून्य. तरीही 2000 मध्ये, एसेंडनने अख्ख्या हंगामात एकच सामना गमावून विजेतेपद मिळवलं तेव्हा, 109 गोल करणारा मॅथ्यू लॉइड संघात असताना क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला फ्लेचर. निवड करणाऱ्यांना खेळ कळत होता!

मे 2015 मध्ये, चाळिशी गाठल्यावर, तो 400वा सामना खेळला. त्याआधी हा आकडा गाठणारे दोघेच: मायकल टक आणि केविन बार्टलेट. जांघेच्या दुखापतीमुळे तोच त्याचा एसेंडनसाठीचा शेवटचा सामना ठरला.

पुढच्या जानेवारीत क्रीडा लवादाचा निकाल आला. क्लबच्या 2012 मधल्या इंजेक्शन कार्यक्रमाबद्दल 34 खेळाडू उत्तेजक सेवनाचे दोषी ठरले, त्यांत फ्लेचरही होता. तो निवृत्त झालेला, त्यामुळे बंदीची झळ त्याला इतरांइतकी बसली नाही. क्लबच्या शब्दावर विसंबलेल्या नवख्या पोरांबद्दल मला सहानुभूती वाटते. पण 2012 मध्ये फ्लेचर 37 वर्षांचा होता. सुईत काय आहे हे विचारण्याची अपेक्षा मी आधी त्याच्याकडूनच ठेवीन.