तिवरं बघायला लंकावीपर्यंत कशाला?

आमच्या मामेभावाचं कुटुंब यंदा मलेशियाला जाऊन आलं. ईदच्या दिवशी शिरखुर्मा खाता खाता त्यानं मोबाईलवर लंकावीचे फोटो दाखवले. खाडीत पर्यटकांच्या होड्या, दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी. "काय निसर्ग आहे!" तो म्हणाला. मला हसूच आलं. हा माणूस गव्हाणचा. तिवरात चिंबोऱ्या पकडताना चिखलात चप्पल हरवली म्हणून त्यानं घरी मार खाल्लेला आहे.

पण नंतर वाईटही वाटलं. लंकावीला २००७मध्ये युनेस्कोनं भू-उद्यानाचा दर्जा दिला. तिथं तिवरं दाखवून लोक पोट भरतात. आपण मात्र तिवरांची जागा म्हणजे भराव टाकायची जागा समजतो.

मी विकासाच्या विरोधात नाही. सिडको आली, १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आता विमानतळही झाला. आमची मुलं तिथं नोकऱ्या करतात. पण खाडीवर जगणाऱ्याचं काय? तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, भरतीचा जोर तिथं मोडतो. तिवर गेलं की जिताडाही जातो आणि किनाऱ्याची भिंतही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८मध्ये तिवरं तोडायला बंदी केली, भोवतालची ५० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. कायदा आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला गावातलं माणूस हवं. आणि ज्यातून चार पैसे मिळतात, त्याची राखण माणूस आपणहून करतो.

वेंगुर्ल्यात हे घडलंय. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. हॉटेल नको, भराव नको. आपल्याकडे तर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू दारात आलाय. मुंबईची गाडी त्यावरून येते आणि सरळ अलिबागला निघून जाते. आपल्या वाट्याला येतो तो फक्त धूर.

अर्थात पर्यटन म्हणजे गर्दी आणि प्लास्टिक नव्हे. कर्नाळ्याचं अभयारण्य पक्ष्यांसाठी आहे. तिथं आरडाओरडा करत फिरायचं आणि मग "एकही पक्षी दिसला नाही" म्हणायचं, यात पक्ष्यांचा काय दोष? खाडीतही मोजक्याच होड्या हव्यात, त्याही वल्ह्याच्या आणि गावच्या माणसाच्या हातातल्या.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो आपल्याच जिल्ह्यात, किहीमला. जगानं दखल घेतलेल्या त्या कामाला त्यांना किहीमची झाडं पुरली. आपल्याला आपली खाडी का पुरू नये?

मामेभावाला मी सांगितलंय, पुढच्या ईदला बासी दिवशी पोरांना घेऊन ये. ओहोटीच्या वेळेला खाडीवर जाऊ. निवटे कसे उड्या मारतात ते पोरांनी बघितलेलं नाही. चप्पल मात्र घरीच ठेवायची.