केळीचा तिसरा भिडू

लक्ष्मीपूजनाला आपण केळीचे खुंट दाराशी बांधतो, नैवेद्यालाही केळी ठेवतो. पण वाचकहो, केळ्यात बी का नसते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? माझ्या धाकट्या भाचीला पडला. मी मूळचा खानदेशी, रावेर-सावद्याच्या बागा पाहत वाढलेला. उत्तर देणे भागच होते.

पेशीतली गुणसूत्रे जोडीजोडीने नांदतात. जोडीतले एक आईकडचे, दुसरे वडिलांकडचे. माणसात अशा 23 जोड्या. दोघांवर त्याच गुणांचे धडे त्याच क्रमाने असतात, म्हणून त्यांना समजात म्हणतात. परागकण किंवा बीजांड घडताना हे जोडीदार आधी एकमेकांना बिलगतात, मग एक इकडे, एक तिकडे जातो. बिया धरणाऱ्या रानकेळीत 11 जोड्या, म्हणजे 22 गुणसूत्रे. आपल्या बसराईत मात्र 33! दोनाच्या जागी तीन. आता फुगडीला दोघी लागतात. तिसरीने हात कोणाचा धरायचा? वाटणी वेडीवाकडी होते आणि बी धरत नाही. केळ्याच्या गाभ्यातले काळे ठिपके म्हणजे ती न वाढलेली बीजांडे. फळ तेवढे बीजधारणेवाचून भरते, हे आपले भाग्य!

धुळ्याकडच्या कपाशीतही हा घोळ होतो. देशी कपाशीची गुणसूत्रे 26, अमेरिकन कपाशीची 52. दोघींचा संकर 39 घेऊन येतो आणि वांझ निघतो. पण कपाशीला एरवी सरकी तरी असते. केळीची लागवड कंदाने, नाहीतर हल्ली टिश्यूच्या रोपांनी. म्हणजे लेक आईची हुबेहूब नक्कल. बसराई काय, ग्रँड नैन काय, दोघी एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या.

जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. माझी काळजी वेगळी आहे. पूर्वी परदेशच्या बाजारात ग्रो मिशेल नावाच्या केळीचे राज्य होते. पनामा रोगाची बुरशी तिच्या मुळांत शिरली आणि 1960 च्या सुमारास तो व्यापार बसला. सगळी झाडे एका साच्याची. एकाला जे मारते ते सगळ्यांना मारते. तेव्हा कॅव्हेंडिश तगली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार तिलाही मारतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आहे. फवारणीने तो जात नाही, मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. कंदाबरोबर येतो, चाकाच्या चिखलातूनही येतो.

आमचे रावेरचे मामा हल्ली परका ट्रॅक्टर चाके धुतल्याशिवाय बांधाच्या आत घेत नाहीत. शेजारी हसतात, हसोत बापडे.