रमाईची गाणी ऐकणाऱ्या भावांनो, एक प्रश्न

एप्रिल उजाडला की आपल्या शहरात भीमगीतांचा आवाज चढतो. मुकुंदवाडी असो, उस्मानपुरा असो की भडकल गेट. रिक्षात, मोबाईलवर, डीजेवर तीच गाणी. वामनदादा कर्डकांपासून शिंदे घराण्यापर्यंतच्या गायकांनी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्यांपर्यंत बाबासाहेब पोहोचवले. त्यामुळे चाहत्यांना नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. आम्हीही चाहतेच आहोत. आमचा सवाल एवढाच, की या चाहतेपणात बाईची जागा कोणती?

गाण्यात बाई येते ती बहुतेक वेळा रमाई म्हणून. गोवऱ्या थापणारी, लेकरे गमावणारी, तरी न डगमगणारी. ते कष्ट खरेच आहेत. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, आणि त्यांचे ऋण बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांना अर्पण करून जाहीर मान्य केले. पण ऐकणारा तरुण यातून काय उचलतो? "बायको रमाईसारखी पाहिजे." लग्न जुळवताना हे वाक्य आम्ही वस्त्यावस्त्यांत ऐकतो. त्याचा सरळ अर्थ असा, की तिने सोसायचे आणि याने गाणे लावायचे. स्वतः बाबासाहेबांसारखे अठरा-अठरा तास वाचायची अट मात्र कुणी स्वतःला घालत नाही.

बाबासाहेबांना बाईकडून काय हवे होते, हे त्यांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, समोर हजारो बाया होत्या. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे आणि गुलाम होण्यास नकार द्यावा, असे ते म्हणाले. त्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा मागितला. पुढे हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. ही परिषद आणि हा राजीनामा डीजेवर किती वेळा वाजतो?

आता गायिकांचे बघा. आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर गाऊन घराघरांत पोहोचल्या. त्यांना आपण 'माई' म्हणतो, मान देतो. चांगलेच आहे. पण एखादी तरुण मुलगी जीन्स घालून तेच भीमगीत गाते, तेव्हा खालच्या कमेंट वाचा. आवाजावर दोन, कपड्यांवर वीस. लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर निळा झेंडा असतो. मान मिळवायला बाईने आधी आई व्हावे लागत असेल, तर हा विचार भीमाचा की मनूचा?

मिरवणुकीतही तेच. पोरे डीजेपुढे, पोरी कडेला किंवा गच्चीवर. "गर्दीत धक्काबुक्की होते, म्हणून त्यांच्या काळजीपोटी," असे सांगितले जाते. धक्का देणारा आपलाच असेल, तर त्याला घरी बसवा, तिला का?

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. यंदा जयंती समितीत मुली घ्या, नुसत्या रांगोळीपुरत्या नको; वर्गणीचा हिशेब आणि गाण्यांची यादी त्यांच्या हाती द्या. नव्या गीतकारांकडून नागपूरच्या परिषदेवर गाणे लिहून घ्या. आणि गायिकेच्या कपड्यांवर घसरणारा मित्र दिसला, तर तिथेच, सगळ्यांसमोर त्याला टोका. गाण्यावर नाचायला पाय लागतात. गाणे जगायला घरातली सत्ता सोडावी लागते.

जय भीम!