आधी देखभालीचे बोला

‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन्ही विमानवाहू नौका महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या. १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमाने धाडणारी ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती तरंगते संग्रहालय होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना नौका विकली गेली. ‘विराट’ला तेवढेही भाग्य लाभले नाही. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कोकणात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली ती खासगी भागीदाराच्या भरवशावर. आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहील असा परिपूर्ण प्रस्ताव आलाच नाही, असे संरक्षण खात्याने संसदेत सांगितले आणि २०२० मध्ये नौका ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि जहाजे तोडणाऱ्या अलंगला रवाना झाली. सरकारने पैसा सोडला असता तर या नौका वाचल्या असत्या, ही हळहळ तेव्हापासून ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे.

कारण पोलादी नौकेचा खरा शत्रू लिलाव नव्हे, खारे पाणी आहे. उभारणीचा खर्च एकदाच होतो. गंज मात्र रोज चढतो. अमेरिकेतील ‘टेक्सास’ ही युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे, पण पाण्यात उभ्या नौकेची गळती काही थांबेना. अखेर २०१९ मध्ये टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले आणि पुढचा भार एका प्रतिष्ठानाने उचलावा, अशी अट घातली. याउलट जपानची ‘मिकासा’ १९२६ पासून योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली, वाळूवर ओढून घेतली गेली आणि २००२ पासून लोक तिच्या पोटात शिरून ती पाहत आहेत. ती लहान आहे, कोरड्या जागी आहे, म्हणून टिकली.

रुग्णालयांना औषधे नाहीत आणि नौकांवर कोट्यवधी कशाला, हा आक्षेप ८५२ कोटींच्या घोषणेला लागू पडतो. नेमक्या एकदोन जहाजांच्या संरक्षणाला तो लागू पडत नाही. मग खासगी गुंतवणूकदाराने करावे, असे सुचवले जाते. त्याला हॉटेल हवे असते, आणि नफा आटला की रंगरंगोटी थांबते. रायगडाच्या डागडुजीचा खर्च तिकिटांतून निघावा, अशी अट कोणी घालत नाही. तीच अट नौकेला घालण्याचे कारण काय? एवढे खरे, की दुर्लक्षित किल्ला ढासळायला शतके लागतात, नौकेला एखादे दशक पुरते.

आता निवतीजवळच ‘गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रतळाशी ठेवून पर्यटन फुलवण्याची योजना आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख मंजूर केले. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी ते आकर्षण ठरेल, कोकणाला रोजगारही मिळेल. पण त्याला जतन म्हणू नये. जतन करायचे तर नौदलाने निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी नौका निवडावी, राज्याने किनाऱ्यावरची कोरडी जागा ठरवावी आणि ज्याच्या व्याजावर देखभाल चालेल असा ठेवनिधी केंद्र व राज्याने मिळून बँकेत ठेवावा. तोवर नौका ताब्यात घेऊ नये. निधी जमला नाही तर तिचे आराखडे, छायाचित्रे आणि खलाशांच्या मुलाखती नोंदवून घ्याव्यात आणि तिला खुशाल भंगारात जाऊ द्यावे.