चंद्रावरचे घर आणि गावचा तलाव

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध नावाचे गाव आहे. तेथे डोंगरांमधील सखल भाग बांध घालून अडविला आहे व त्यामुळे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. कोहळी समाजाने या प्रदेशात असे अनेक तलाव बांधले. त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती, सिमेंट नव्हते. जमिनीचा उतार कोणीकडे आहे, पाणी कोठून येते, कोणती माती ते धरून ठेवते, हे त्यांनी आधी नीट पाहिले आणि तेथलीच माती हाती घेतली. पाण्याची सोय झाली, म्हणून भाताच्या बांध्या पिकल्या व गावे नांदू लागली.

मुलांनो, आज माणूस चंद्रावर वस्ती करण्याचा विचार करीत आहे. ते कामही याच जातीचे आहे, असे मला वाटते. चंद्रावर हवा नाही. तेथील दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच मोठी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. भर उन्हात तेथील पृष्ठभागाचे तापमान ५० अंश सेल्सिअसहून अधिक आढळले. पण केवळ ८ सेंटिमीटर खाली ते शून्याखाली १० अंश होते! म्हणजे चंद्राची माती उष्णता सहजासहजी आत शिरू देत नाही. मग तिचाच जाड थर घरावर पांघरला, तर ऊन, थंडी व घातक किरण यांपासून रक्षण होणार नाही काय?

पृथ्वीवरून विटा वाहून नेणे अतिशय खर्चाचे आहे. म्हणून बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था व इस्रो यांच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली चंद्राच्या मातीसारखी माती, जिवाणू, गवारीचा डिंक आणि आपण शेतात घालतो तो युरिया यांपासून विटा तयार करून पाहिल्या. जेथे राहावयाचे, तेथल्याच मातीला कामास लावावयाचे, ही कोहळ्यांचीच रीत नव्हे काय?

परंतु बांधणे हे अर्धेच काम होय. राखणे हे उरलेले अर्धे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि गावोगावचे तलाव शासनाकडे गेले. पुढे ‘हे काम आपले नव्हे’ असे गावकऱ्यांना वाटू लागले. देखभाल सैल पडली आणि अनेक तलाव गाळाने भरले. येथे तलाव आटला, तर शेजारच्या गावाहून पाणी आणता येईल. चंद्रावरील घराच्या भिंतीला तडा गेला, तर श्वास कोठून आणावयाचा?

काही लोक म्हणतात, “पृथ्वी बिघडली तर आपण चंद्रावर जाऊ.” मला हे पटत नाही. चंद्रावर अवश्य जावे. पण ज्ञान मिळविण्यासाठी जावे, येथून पळून जाण्यासाठी नव्हे. ज्याला आयते मिळालेले पाणी व हवा सांभाळता येत नाही, तो हवा नसलेल्या ठिकाणी गाव कसे सांभाळील?

यंदा उन्हाळ्यात तुमच्या गावच्या तलावातील गाळ निघू लागेल, तेव्हा मोठ्यांबरोबर तुम्हीही तेथे जा व एखादे टोपले उचला. उद्या तुमच्यापैकी कोणी चंद्रावर घर बांधावयास गेला, तर ही सवय त्याच्या उपयोगी पडेल.