कोठी किती मोठी असावी?

आपण ज्या भागात शिकतो, वावरतो आणि बाजारहाट करतो त्या भागाचे नाव कोठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने येथे जो प्रासादतुल्य वाडा उभारला, त्या ‘कोठी’वरून हे नाव पडले, आज त्याच आवारात मुलींचे विद्यापीठ नांदत आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र कोठी म्हटले की प्रथम उभी राहते ती धान्याच्या साठवणीची कोठी. घरात खाणारी तोंडे किती, धान्य किती दिवस पुरवायचे, उंदीर-घुशींचा उपद्रव केवढा, याचा विचार करून शहाणी गृहिणी कोठी राखीत असे. शेजारणीची कोठी मोठी म्हणून आपलीही मोठी, असा हिशेब ती करीत नसे. साठवणीचा जो एक नवा प्रश्न आज विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या बोलण्यात वारंवार येतो, त्याचा विचार करताना या गृहिणीचे स्मरण ठेवणे हितावह होईल, असे आम्हांस वाटते.

प्रश्न आहे तबकड्यांचा. लेसर किरणाने वाचल्या जाणाऱ्या या चकचकीत तबकड्या दिवसेंदिवस अधिकाधिक माहिती पोटात घेऊ लागल्या आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत शांघाय येथील शास्त्रज्ञांनी शंभर थरांच्या एका तबकडीची पद्धत प्रसिद्ध केली, तीत 1.6 पेटाबिट, म्हणजे सुमारे 200 टेराबाइट माहिती मावू शकेल असे त्यांनी दाखविले. असे काही ऐकले की मुलांना वाटते, आता हवे तितके खेळ एका तबकडीवर येतील. आणि वडील मंडळींना वाटते, आता घरातील सारी छायाचित्रे, कागदपत्रे एकदाच भरून ठेवली की जन्माची चिंता मिटली. या दोन्ही अपेक्षा कितपत खऱ्या, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम या तबकडीची वाढ कशी झाली ते थोडक्यात पाहू. 1982 मध्ये बाजारात आलेली सीडी गाण्यांसाठी होती. पुढे तिच्यावर सुमारे 700 मेगाबाइट माहिती मावू लागली. 1996 मध्ये डीव्हीडी आली. तिच्या एका थरात 4.7 गीगाबाइट मावत. 2006 मध्ये ब्लू-रे आली. तिच्या एका थरात 25 गीगाबाइट, दोन थरांत 50. 2010 नंतर तीन व चार थरांच्या तबकड्या निघून ही मर्यादा 128 गीगाबाइटपर्यंत गेली. यामागील युक्ती सोपी आहे. सीडी वाचणाऱ्या किरणाची तरंगलांबी 780 नॅनोमीटर, डीव्हीडीच्या किरणाची 650 आणि ब्लू-रेच्या निळसर-जांभळ्या किरणाची 405. लेखणीचे टोक जितके बारीक तितकी अक्षरे अधिक मावतात. त्यातलाच हा प्रकार. टोक फारसे बारीक करता येईनासे झाले, तेव्हा कागदावर कागद रचावे तसे थरावर थर रचण्यात आले.

आता खेळांकडे वळू. 1990 नंतरच्या दशकात आणि 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 आले त्या काळी तबकडीचा मोठेपणा खेळाला खरोखरच उपकारक ठरला. खेळात चित्रे, संगीत, संवाद आले ते तबकडीवर जागा झाली म्हणूनच. परंतु जागा वाढली त्या प्रमाणात वाचनाचा वेग वाढला नाही. प्लेस्टेशन 3 चे यंत्र ब्लू-रे तबकडीवरून सेकंदाला सुमारे 9 मेगाबाइट वाचीत असे. या गतीने 50 गीगाबाइटची तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यास दीड तास लागतो! 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 च्या अंगच्या साठवणीतून तेवढीच माहिती नऊ-दहा सेकंदांत वाचली जाऊ शकते. म्हणूनच आजचा खेळ तबकडीवरून खेळला जातच नाही. तो आधी यंत्राच्या पोटात उतरवून घ्यावा लागतो. तबकडी केवळ वाहनाचे आणि मालकीच्या पुराव्याचे काम करते. 2018 चा ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ हा खेळ दोन तबकड्यांवर आला, त्याऐवजी एका मोठ्या तबकडीवर आला असता तर खेळणाऱ्याचा लाभ एवढाच, की एकदा उठून तबकडी बदलण्याचा त्रास वाचला असता.

तर मग तबकडी खेळाला निरुपयोगी ठरते काय? आम्ही तसे म्हणत नाही. विकत घेतलेली तबकडी मित्राला देता येते, त्याची आपण घेता येते, कंटाळा आला तर विकता येते. इंटरनेटवरून उतरविलेल्या खेळाला हे भाग्य नाही. मध्यम स्थितीतील घरच्या मुलाला ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या कोठीत पाठ्यपुस्तके हातोहात फिरतात; थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीला येते आणि मग ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन तिसऱ्याच घरी शिरते. तबकडीचे खरे मोल या देवघेवीत आहे; आणि या देवघेवीला तबकडी 25 गीगाबाइटची असली काय आणि 100 ची असली काय, सारखेच. याच्या उलट एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘द क्रू’ नावाचा मोटार-शर्यतीचा खेळ 2014 मध्ये निघाला. तो चालण्यास कंपनीच्या दूरस्थ संगणकाशी जोडणी आवश्यक होती. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने ते संगणक बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्या हाती नुसती तबकडी उरली! कोठी आपल्या घरी आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, अशा कोठीच्या आकारमानाचे कौतुक ते काय करावे?

खेळ हा अखेर खेळच. तो गेला तर दुसरा येईल. पण दुसरा भाग अधिक गंभीर आहे. जी वस्तू गेली तर पुन्हा येणार नाही तिची राखीव प्रत कशी ठेवावी, हा तो भाग. येथे तबकडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील मजकूर पुन्हा पुसता किंवा बदलता येत नाही. संगणकात विषाणू शिरला आणि त्याने सर्व कागदपत्रे कुलूपबंद केली, तरी कपाटातील तबकडीला त्याचा स्पर्श होत नाही. चुकून बोट पडले आणि सारे पुसले गेले, असे तिच्या बाबतीत घडत नाही. पेन ड्राइव्हला वा हार्ड डिस्कला हा गुण नाही.

परंतु हे गुण तबकडीचे आहेत, तिच्या मोठेपणाचे नाहीत. मोठेपणाबरोबर उलट काही दोषच येतात. 128 गीगाबाइटची तबकडी चौपट वेगाने लिहिली तरी ती भरण्यास सुमारे दोन तास लागतात. शांघायच्या त्या 200 टेराबाइटच्या तबकडीवर आजच्या वेगवान ब्लू-रे यंत्राच्या गतीने, म्हणजे सेकंदाला 72 मेगाबाइट या प्रमाणे लिहू गेल्यास, अखंड 32 दिवस लागतील! ज्या कामाला इतका वेळ लागतो ते काम मनुष्य उद्यावर टाकतो, आणि उद्यावर टाकलेली राखीव प्रत म्हणजे नसलेली प्रत. दुसरे असे, की एका तबकडीत सारे भरले की एका ओरखड्याने सारे जाण्याची भीती. ब्लू-रेवरील माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघा 0.1 मिलिमीटर आत असतो. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींतील माहिती बहुधा एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन व उष्णता त्या रंगाच्या वैरी आहेत. हैदराबादच्या मे महिन्यात माळ्यावर टाकलेल्या तबकड्यांचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणखी एक अडचण आहे. कोठी आहे, पण ती उघडणारे यंत्र कोठे आहे? आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान संगणकांत तबकडी घालण्याची जागाच नसते. 2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन 5 प्रोमध्येही ती नाही. वेगळी विकत घ्यावी लागते. पॅनासोनिकने 2023 मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. आपल्या देशातील मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाई. 2007 च्या सुमारास तिने चित्रपटाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकून घराघरांत तबकड्या पोहोचविल्या. तीच कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तात्पर्य, तबकडी पन्नास वर्षे टिकेल या आश्वासनात तिला वाचणारे यंत्र पन्नास वर्षे मिळेल हे आश्वासन नसते.

मग जतन होते ते कशाने? याचे उत्तर इतिहासाला विचारावे. आम्ही कोंकणी बोलणाऱ्या घरातले. म्हणून एक दाखला आम्हांला विशेष जवळचा वाटतो. सोळाव्या शतकात गोमंतकात धर्मांतराच्या धामधुमीत देशी भाषांतील पोथ्या नष्ट करण्यात आल्या. परंतु त्याच काळी तेथील जेझुइट पाद्र्यांनी भाषा शिकण्याच्या हेतूने रामायण-महाभारतातील कथा रोमी लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांच्या प्रती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जाऊन पडल्या, आणि म्हणूनच त्या काळचे कोंकणी गद्य व मराठी काव्य आज आपल्याला वाचावयास मिळते. जाळणाऱ्यांच्याच वर्तुळात प्रत करणारेही निघाले, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा! फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची कथाही अशीच आहे. 1616 मध्ये ते छापले गेले, पुढे आणखी दोन वेळा छापले गेले. पण त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो हातांनी उतरविलेल्या पोथ्यांमुळे.

अगदी अलीकडचे उदाहरण पुण्याचे. 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली. प्रभातच्या चित्रपटांचाही मूळ ठेवा तीत भस्मसात झाला. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरविल्या होत्या, ते चित्रपट वाचले. कोठार लहान होते म्हणून काही गेले नाही. जे गेले ते एकाच ठिकाणी होते म्हणून गेले. आणि आपल्या हैदराबादकरांस हे पुण्याकडून शिकावयास नको. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या. 2020 च्या ऑक्टोबरात शहरातील कितीतरी घरांत पुन्हा पाणी शिरले. पाण्याला आपल्या तबकडीची क्षमता विचारण्याची सवय नाही.

कोणी म्हणेल, आता सारे फोनमधून आपोआप ‘क्लाउड’मध्ये जाते, तबकडीची आणि या चर्चेची गरजच काय? ही सोय चांगली आहे, ती वापरावी. पण हे आकाशातील कोठार म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा संगणकच होय. संकेतशब्द विसरला, वर्गणी थकली, खाते बंद झाले की दार लागले. आजोबांच्या खात्याचा संकेतशब्द आजोबांबरोबरच गेला, तर नातवाने कोणाकडे जावे? म्हणून ती एक प्रत समजावी. एकमेव प्रत समजू नये.

जाणकारांचा नियम साधा आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. हा नियम पाळण्यास प्रचंड तबकडीची आवश्यकता नाही. साधारण कुटुंबाच्या निवडक, खरोखर मोलाच्या वस्तू, म्हणजे दस्तऐवज, लग्नमुंजींची मोजकी छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, या 25 गीगाबाइटच्या एका तबकडीत सहसा मावतात. निवड करणे हेच अवघड काम आहे. आणि अमर्याद जागा आपल्याला तेवढे एकच काम टाळावयास शिकविते. दहा हजार छायाचित्रांच्या ढिगात आईचे एक चांगले चित्र सापडत नसेल, तर तो ठेवा नव्हे, अडगळ होय.

हा प्रश्न येथील मराठी कुटुंबांना इतरांहून अधिक निकडीचा आहे. पुण्या-मुंबईच्या मराठीची नोंद शेकडो ठिकाणी होत असते. हैदराबादच्या मराठीची, तिच्यात मिसळलेल्या दखनी शब्दांची, येथील गणेशोत्सवांतील नाटकांची, मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांची नोंद आपल्या घरांतच आहे. दुसरीकडे कोठेही नाही. ती गेली तर ब्रागासारखे एखादे दूरचे ग्रंथालय आपल्यासाठी ती राखून बसलेले नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची एक सूचना आहे. प्रत्येकाने यंदाच्या सुटीत घरातील एका वडीलधाऱ्या माणसाचा आवाज, एक जुना कागद आणि नावे-गावे लिहिलेली काही छायाचित्रे एकत्र करावीत. एक प्रत तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिसरी दुसऱ्या गावच्या मामाकडे किंवा आत्याकडे पाठवावी. मग दर दसऱ्याला आपण पाटी-पुस्तकांची पूजा करतो, तेव्हा त्या तबकडीलाही हळद-कुंकू वाहावे. मात्र वेष्टनावर वाहावे, आणि ती यंत्रात घालून उघडते की नाही हे पाहावे. उघडत नसेल तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नवी करावी. मोठ्या तबकड्या बनविणारे बनवोत. त्यांच्या बुद्धीचे आम्हांस कौतुकच आहे. पण धान्य टिकते ते कोठीच्या पोटावर नव्हे, तर वेळोवेळी ते उपसून, वाळवून, निवडून पुन्हा भरणाऱ्या हातांवर. तो हात घरोघरी तयार झाला, तर लहानशी कोठीही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.