जकातीचा हिशेब आणि बँकेचे प्रश्न

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की मशिदीबाहेर पावतीपुस्तके दिसू लागतात. दूरच्या मदरशांचे सफीर येतात. कुणी विधवांच्या रेशनसाठी, कुणी मुलांच्या फीसाठी जकात मागतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतील अडीच टक्के हक्कदाराला देणे हे फर्ज आहे. आपण घाईत असतो. नोट हातावर ठेवतो, पावतीवरचे नावही वाचत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातील एका ट्रस्टला बँकेने विचारले, एका महिन्यात एवढी रोकड आली कुठून? विश्वस्तांची केवायसी अद्ययावत का नाही? ज्येष्ठ विश्वस्त दुखावले. ‘आता जकातीवरही संशय?’ म्हणाले. त्यांचे दुःख मला कळते. तरीही प्रश्न रास्त होता.

मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. तो लागू झाला २००५ मध्ये. त्यानुसार दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती बँक अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवते. मोठी रक्कम महिनाभरात तुकड्यातुकड्याने भरली तरी सुटका नाही. धर्मादाय संस्थेला दहा लाखांहून अधिक रक्कम मिळाली, तर ती चेकने आली तरी कळवावी लागते. मंदिराचा ट्रस्ट असो की मशिदीचा, नियम एकच. अशी माहिती कळवणे म्हणजे आरोप नव्हे, हे मात्र बँकांनी ग्राहकांना नीट सांगायला हवे.

काळा पैसा पांढरा करताना सुरुवात घाणेरडी असते. दहशतवादाच्या पैशाचे उलटे आहे. तिथे देणाऱ्याची कमाई हलालची असू शकते, नियतही साफ असू शकते. वाटेत कुणीतरी ती रक्कम वळवतो. म्हणून पैसा कुठून आला याइतकेच तो कुठे गेला हेही विचारले जाते. कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत. म्हणजे वसुली हे जबाबदारीचे, नेमून दिलेले काम होते. हिशेबाचे आपल्याला वावडे का असावे?

बँकांनाही एक सांगणे आहे. या विषयावरील जागतिक संघटना एफएटीएफ, भारत २०१० पासून तिचा सदस्य. सेवाभावी संस्थांना सरसकट धोकादायक मानणारी भाषा तिने २०१६ मध्ये आपल्या शिफारशीतून काढली. जिथे धोका दिसतो तिथे, त्या प्रमाणात लक्ष ठेवा, असे तिचे म्हणणे. खातेदाराचे नाव किंवा दाढी-टोपी पाहून फाईल बाजूला ठेवणे त्यात बसत नाही. शिवाय खाती अडली की लोक पुन्हा रोकडीकडे आणि हवालाकडे वळतात, आणि तिथे कुठलीच नोंद राहत नाही.

आमच्या ट्रस्टने अखेर कागद दिले. यंदा मशिदीच्या दाराशी क्यूआर कोड लागला आहे, आणि कुणाच्या घरी किती रेशन गेले याची वही तेच ज्येष्ठ विश्वस्त तरावीहनंतर स्वतः लिहितात.